टॅम्पिनीसमधला प्रादेशिक विस्तार

एकतीस वर्षं मी कराडच्या कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवला आणि अमेरिका पाहिली ती फक्त नकाशात. तो नकाशाही कॉलेजच्या मालकीचा, कापडी, आणि फ्लोरिडाच्या जागी उंदरांनी कुरतडलेला. प्रत्यक्ष जायचा योग दोनदा आला होता. पहिल्यांदा व्हिसा मिळाला नाही. दुसऱ्यांदा जिच्याकडे जायचं ती भाचीच नवऱ्याला घेऊन कायमची पुण्याला परत आली. शेवटी दोन हजार सात साली, निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, मी विमानात बसले ती पश्चिमेऐवजी पूर्वेला तोंड करून. सिंगापूरला, माझ्या मुलीकडे.

मुक्ता माझी एकुलती एक. ती सिंगापुरात बँकेत आहे. जावई प्रशांत मूळचा नागपूरचा, तुआसच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर. नात सई, दहा वर्षांची. त्या हिवाळ्यात मी कराडला न्हाणीघरात पडले होते. हाड मोडलं नाही, पण दीड तास उठता आलं नाही, आणि हे मी मुक्ताला फोनवर सांगितलं ही माझी चूक. आठवड्याच्या आत तिकीट आलं. तीन आठवड्यांसाठी ये, असं ती म्हणाली होती.

माझ्याकडे दोन बॅगा होत्या. एकीत कपडे, मेतकूट आणि भाजणी. दुसरीत कागद. मी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं एक जाडजूड गाइड आहे, अमेरिकेच्या इतिहासावरचं. मी त्याला पुस्तक म्हणते, बाकी कोणी म्हणत नाही. पुण्याच्या प्रकाशकांना त्याची सुधारित आवृत्ती हवी होती, आणि त्यातलं 'प्रादेशिक विस्तार' हे प्रकरण नव्याने लिहायचं मी कबूल केलं होतं. मुंबईच्या विमानतळावर बॅग पट्ट्यावर ठेवणारा माणूस म्हणाला, "मॅडम, दगड भरलेत का?" मी म्हटलं, "नाही, अमेरिका आहे." त्याने वजन पाहून मान हलवली आणि पट्टी चिकटवली.

चांगीचा विमानतळ म्हणजे एक मोठं, गालिचा घातलेलं देवघर. कोणी मोठ्याने बोलत नाही आणि सगळे रांगेत असतात. पासपोर्ट तपासणाऱ्या मुलीसमोर गोळ्यांची वाटी होती. मी दोन घेतल्या, एक माझी आणि एक सईची. "किती दिवस राहणार?" तिने विचारलं. "तीन आठवडे," मी म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

मुक्ताचा फ्लॅट टॅम्पिनीसला अकराव्या मजल्यावर. भाड्याचा. खोल्या तीन, पण एकीला घरमालकाने स्वतःचं सामान भरून कुलूप लावलेलं. उरल्या दोन. एक मुलगी-जावयाची, दुसरी सईची. सईच्या दारावर रंगीत खडूने लिहिलेली पाटी होती: कृपया दार वाजवा. माझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या, त्यामुळे मी दार पायाने ढकललं. सई आत टेबलाशी बसून काहीतरी रंगवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि उठून मला मिठी मारली.

पलंग मला मिळाला. पलंगाखालून ड्रॉवरसारखी ओढून काढायची एक गादी होती, ती सईला. "तुला चालेल ना गं?" मी विचारलं. "चालेल, आजी. तीन वीक्स ओन्ली," ती म्हणाली. कपाटातले दोन कप्पे तिने आधीच रिकामे करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक पराक्रम केला. सई मला घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली पन्नासेक खाण्याच्या टपऱ्या आणि मध्ये बसायला टेबलं) घेऊन गेली. जेवणाची वेळ, सगळी टेबलं भरलेली. एकच रिकामं दिसलं. त्यावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट पडलेलं होतं. या देशात एवढी स्वच्छता आणि तरी कोणीतरी कचरा टाकून गेलं, याचं मला बरं वाटलं. उकाडा मरणाचा होता. मी पाकीट फोडलं, एक कागद काढून कपाळ आणि मान पुसली, आणि ऐसपैस बसले.

पाच मिनिटांनी ऑफिसच्या कपड्यातली एक चिनी बाई हातात नूडल्सचा ट्रे घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.  फोडलेल्या पाकिटाकडे बघत राहिली.

"आजी, ऊठ," सई कानात म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "ते त्यांचं आहे. तिने चोप केलंय."

चोप करणे म्हणजे टेबलावर काहीतरी वस्तू ठेवून जागा धरणे. बहुतेकदा कागदी रुमालांचं पाकीट. ते ठेवून माणूस खुशाल रांगेत जातो आणि त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. मला हे समजावून सांगावं लागलं याची लाज आजही वाटते. कराडच्या स्टँडवर एसटी आत शिरत असतानाच खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्यात माझी अर्धी हयात गेली. माझ्या रुमालावर कोणी बसलं तर मी ते अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलेलं आहे. दुसऱ्याचा रुमाल मात्र मला परदेशात ओळखू आला नाही. मी त्या बाईची माफी मागितली. तिने उरलेलं पाकीट मला देऊन टाकलं, बहुधा मी वापरलेलं म्हणून, आणि आम्ही तिघी त्याच टेबलावर जेवलो. सईने मला कॅरट केक खायला घातला. त्यात गाजर नसतं आणि तो केकही नसतो. मुळ्याच्या वड्या अंड्यात परतलेल्या असतात. मी दोन ताटल्या खाल्ल्या.

पहिल्या आठवड्यात मी जेवणाच्या टेबलावर लिहीत असे. पण तिथे मुक्ताचा कुकर, प्रशांतचा लॅपटॉप, सगळ्यांची ये-जा. सकाळी सई शाळेत गेल्यावर तिचं टेबल रिकामंच असतं, तर सकाळपुरतं मी ते वापरावं असं ठरलं. लिहिणाऱ्या माणसाला माहीत असतं की कागद पसरले की रोज आवरता येत नाहीत, संदर्भ हरवतो. म्हणून दुपारीही ते तिथेच राहू लागले. मग पुस्तकांसाठी शेल्फचा खालचा कप्पा. ओणवं होताना कंबर धरते म्हणून मधला. औषधांना ऊन लागू नये म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर पडदा ओढलेला. सईच्या रंगांच्या बरण्या तिथे होत्या, त्या मी नीट एका खोक्यात भरून कुलुपाच्या खोलीबाहेर ठेवल्या. दर वेळी मी तिला विचारलं आणि दर वेळी ती "ओके, आजी" म्हणाली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मुक्ताने माझा इथे राहायचा पास वाढवून आणला.

एका रविवारी प्रशांत मला नदी दाखवायला घेऊन गेला. मुक्ताला बँकेचं काम होतं. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, सिटी हॉलला उतरून चालत गेलो. उंच काचेच्या इमारतींच्या पायाशी नदीकाठी एक पांढरा पुतळा उभा आहे, हाताची घडी घातलेला. १८१९ साली कंपनीचा हा साहेब इथे उतरला. हे बेट ज्याचं त्या जोहोरच्या सुलतानाची गादी कोणाची यावर भावाभावांत तंटा होता. साहेबाने गादी न मिळालेल्या भावाला सुलतान म्हणून मान्यता दिली, त्याच्याशी करार केला, आणि वखार घातली. इथवरची हकीगत खालच्या पाटीवर थोडक्यात आणि फार सभ्य शब्दांत होती.

मला एकदम वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं. "प्रशांत, ही गोष्ट ओळखीची वाटते का तुम्हाला? वसईला आपल्या शेवटच्या पेशव्यांनी काय केलं? गादीसाठी सही. हे १८०२. पुढच्या साली असईची लढाई, आणि त्याच साली तिकडे अमेरिकेने फ्रान्सकडून लुईझियाना विकत घेतलं. एका सहीत देश दुप्पट. घटनेत अशी खरेदी बसते का, याची अध्यक्षांना स्वतःलाच शंका होती. त्यांनी ती मनाला फार लावून घेतली आणि मग खरेदी केली. इकडे १८१९ ला हा साहेब उतरला, तिकडे १८१९ लाच स्पेनकडून फ्लोरिडा घेतलं. सगळं जग तेव्हा सह्या करत होतं."

दोन-चार पर्यटक थांबून ऐकू लागले होते. मी मराठीत बोलत असूनही थांबले, याचं मला कौतुक वाटलं.

प्रशांतने गाडीवरून आइस्क्रीम आणलं. इथे ते रंगीत पावाच्या तुकड्यात गुंडाळून देतात. "आई, एक विचारू?"

"विचारा ना."

"फ्रान्सने विकलं, अमेरिकेने घेतलं. पण तिथे राहत कोण होतं?"

"तिथले मूळ रहिवासी. त्यांना पुढे कायदा करून मिसिसिपीच्या पलीकडे हलवलं. तिकडची जमीन कायमची तुमची, असा शब्द दिला. मग तीही सरकारला लागली."

"तुमच्या गाइडमध्ये आहे हे?"

"आहे तर. 'मूळ रहिवाशांचे स्थलांतर'. टीप लिहा, पाच गुण."

"आणि खरेदी?"

"तो मोठा प्रश्न. पंधरा गुण."

तो हसला. प्रशांत चिडत नाही, हसतो, आणि ते जास्त लागतं. "आमच्या घरी ना आई, गावाच्या कडेला ठेवलेल्या माणसांची गोष्ट आजोबा सांगायला बसले की जेवण थंड व्हायचं. पाच मार्कांत कशी बसवली तुम्ही?"

"अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं," मी म्हटलं. एकतीस वर्षं मी हेच उत्तर देत आले आहे. तो "बरोबर आहे" म्हणाला आणि मला ट्रेनमध्ये बसायला जागा करून दिली. त्या दिवशी मला जावयाचा राग आला होता.

सातव्या आठवड्यात मुक्ताने जेवणानंतर माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. लाँग टर्म व्हिजिट पास. तिच्या नोकरीवर आईला कायम राहता येतं. सगळं भरून झालेलं, फक्त माझी सही बाकी.

"कायमची राहा," ती म्हणाली. "तिकडे पुन्हा पडलीस तर? दीड तास, आई. मी इथे ऑफिसात बसून फक्त तेवढाच विचार करते."

"खोली?"

"सईला चालतंय की. ती काही म्हणते का?"

सई खरंच काही म्हणत नव्हती. मी म्हटलं, विचार करून सांगते. पण मनात माझी सही झालेली होती, हे इथे लिहूनच टाकते. कराडच्या घरात संध्याकाळी दिवा लावला की पुढे काय करायचं हे मला दोन वर्षं कळत नव्हतं. इथे कोणीतरी लिफ्टमधून येतं, चपला काढतं, आज काय केलंस विचारतं. मला राहायचं होतं. फॉर्म मी सईच्या टेबलावर, म्हणजे माझ्या कागदांखाली, ठेवला.

दोन दिवसांनी मी दुपारी दूध आणायला खाली उतरले. इथे प्रत्येक इमारतीखाली व्हॉइड डेक (खांबांवर उभा, भिंती नसलेला मोकळा तळमजला) असतो. तिथे म्हातारे पट खेळतात, लग्नं लागतात, मयतही तिथेच ठेवतात. कोपऱ्यात पट कोरलेलं एक दगडी टेबल आहे. त्यावर शाळेची वही, कंपासपेटी आणि एका टोकाला कागदी रुमालांचं पाकीट होतं. वही सईची होती. सई नव्हती. शेजारच्या बाकावर डोक्यावर रुमाल बांधलेली एक वयस्क मलाय बाई बसली होती, सई जिला मकचिक (मलाय भाषेत मावशी) म्हणते ती. सातव्या मजल्यावरची.

"बाथरूमला गेलीये," ती इंग्रजीत म्हणाली, इथल्या सवयीप्रमाणे वाक्यामागे मधूनमधून 'ला' लावत. "मी बघते तिचं सामान. तू आजी ना?"

"हो. ती इथे कशाला बसते?"

"रोज बसते. शाळेतून आली की. पुढच्या वर्षी मोठी परीक्षा आहे ला, अभ्यास पुष्कळ. वर जागा नाही म्हणाली." तिने मला बसायला बाजूला सरकून जागा दिली. "चांगली मुलगी. वारा असला की मी कागद धरते."

मी बसले. दूध घ्यायचं राहिलं. बोलायचं म्हणून मी विचारलं, तुम्ही पहिल्यापासून टॅम्पिनीसच्या का? नाही, ती म्हणाली. तिचं गाव तिकडे पश्चिमेला, तुआसच्या बाजूला, समुद्रकाठी. खांबांवरची लाकडी घरं होती, बाप मासे धरायचा. पुढे तिथे कारखाने यायचे ठरले, सगळ्यांना फ्लॅट मिळाले. समुद्रही भरून आता पुष्कळ लांब गेला आहे.

"माझा जावई तिथेच काम करतो," मी म्हटलं.

"मग माझ्या अंगणात काम करतो ला," ती म्हणाली आणि मनापासून हसली. फ्लॅट चांगला आहे म्हणाली. नळाला पाणी आहे, लिफ्ट आहे, मुलं शिकली. फक्त पहिली काही वर्षं झोप लागत नव्हती, पाण्याचा आवाज नाही म्हणून.

 तेवढ्यात सई आली आणि मला पाहून थबकली, जणू चोरी सापडली. "इथे फॅन नाही, पण वारा छान येतो, आजी," ती म्हणाली. मी तिला घरी चल म्हटलं. ती आली. टेबलावर माझे कागद होते, म्हणून तिने जमिनीवर बसून गणितं संपवली. मला तेव्हा पुरतं उमगायला हवं होतं, पण त्या दिवशी मी फक्त अर्धे कागद बाजूला केले आणि स्वतःवर खूश झाले.

त्याच आठवड्यात मी सईला माझ्या प्रकरणाचा नकाशा रंगवायला दिला होता. प्रकाशकांच्या माणसाने काढलेला नकाशा म्हणजे फुटलेल्या पापडासारखा होता, आणि सईचा हात चांगला. मी तिला पद्धत शिकवली. मूळ राज्यं पिवळी. खरेदी हिरवी. करारात मिळालेलं निळं. नंतर जोडलेलं लाल. आणि माणसांना जिथून हलवलं तिथून जिथे नेलं तिथपर्यंत ठिपक्यांचा बाण. तिने दोन दिवसांत इतका सुबक नकाशा काढून दिला की मी तिला वीसपैकी वीस दिले.

तिसऱ्या दिवशी ती आणखी एक कागद घेऊन आली. "आजी, मी अजून एक केला. प्रॅक्टिस. किती मार्क?"

मी चष्मा लावला. वर इंग्रजीत शीर्षक होतं: आजीचा विस्तार. खाली खोलीचा आराखडा, पट्टीने आखलेला. पलंग पिवळा. टेबल हिरवं. शेल्फचे दोन कप्पे निळे, प्रत्येकावर बारीक अक्षरात वार आणि तारीख. खिडकीचा कट्टा लाल, त्यावर औषधाची छोटी बाटली. सईची गादी तेवढी पांढरी राहिली होती. गादीपासून ठिपक्यांचा एक बाण निघाला होता, दारातून बाहेर, लिफ्टने खाली, थेट त्या दगडी टेबलापर्यंत. टेबलाशेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक बाईही होती.

मी एकेका तारखेवरून बोट फिरवत गेले.

"चुकलं का?" सईने विचारलं.

"नाही. बरोबर आहे."

"मी अँग्री नाहीये हां, आजी. जे झालं ते ड्रॉ केलं, ला. तूच सांगितलंस ना, नकाशात खोटं लिहायचं नाही."

तसं मी सांगितलं होतं खरं. एकतीस वर्षं प्रत्येक वर्गाला सांगितलं होतं. आधी मला राग आला, अगदी खरा राग, मास्तरणीचा. एवढं दिलं हिला, रोज थालीपीठ, वेणी-फणी, आणि ही तारखा लिहून ठेवते. मग त्या तारखा मी पुन्हा वाचल्या. एकही चुकीची नव्हती. मी प्रत्येक वेळी तिला विचारलं होतं, आणि प्रत्येक वेळी कागद आधीच पसरलेले होते. नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नव्हती, म्हणून मी अर्धा गुण कापला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

संध्याकाळी मुक्ताला सांगितलं की मी सही करणार नाही, पास संपला की परत जाईन. ती माझ्यावर फार संतापली. "तुला माझ्याकडे राहायचंच नाहीये. तुझं कराड, तुझं कॉलेज, तुझे कागद."

"राहायचंय, मुक्ता."

"मग?"

मी नकाशा तिच्यापुढे ठेवला. तिने तो पाहिला, प्रशांतने पाहिला. प्रशांत या वेळी हसला नाही. मुक्ता उठून बाल्कनीत गेली आणि वाळत घातलेले कपडे काढत बसली, ओले होते तरी. मी तिच्यामागे गेले. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेईन, शेजारच्या सुलभाकडे घराची एक किल्ली देईन, दर सकाळी सातला तुला फोन करीन, आणि दर वर्षी चार आठवडे येईन. चार म्हणजे चार. ती बराच वेळ ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. शेवटी म्हणाली, "सातला नाही, साडेसहाला. मी सातला निघते."

तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, म्हणजे मला पहाटे चारला उठावं लागणार होतं. मी हो म्हटलं. पुढे प्रशांतने मध्ये पडून ते संध्याकाळवर आणलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी माघार घेतली. कट्टा, शेल्फ, टेबल, याच क्रमाने. खोक्यातल्या रंगांच्या बरण्या खिडकीत परत लावल्या. सई दारात उभी राहून बघत होती. सगळं झाल्यावर तिने कपाटाचा सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढला. तो रिकामा होता.

"हा तुझा," ती म्हणाली. "तू नसलीस तरी तुझा. पण फक्त हा हं."

तिने वहीचं पान फाडून त्यावर कलमं लिहिली होती. एक, खालचा ड्रॉवर आजीचा. दोन, आजी आली की पलंग आजीचा, चार आठवडे. तीन, टेबल पाहिजे असेल तर कागद पसरायच्या आधी विचारायचं. खाली तिची सही होती आणि माझ्यासाठी रेघ आखलेली. मुक्ताच्या फॉर्मवर न केलेली सही मी त्या रेघेवर केली. ड्रॉवरमध्ये घरात वापरायची शाल ठेवली, आणि हॉकर सेंटरमधल्या त्या बाईने दिलेलं, एक कागद कमी असलेलं पाकीट.

जाताना खाली मकचिक भेटली. तिने मला केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी गोड दिलं, वाटेत खायला. "मुलगी वर गेली ना अभ्यासाला?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "बरं झालं," ती म्हणाली, "पण मला करमणार नाही."

मुंबईहून कराडची एसटी घेतली. खिडकीपाशी एक सीट रिकामी होती, तिच्यावर रुमाल. मी मागे जाऊन चाकावरच्या सीटवर बसले आणि कराडपर्यंत पाठीचा भुगा करून घेतला. सद्‌गुणाची मला सवय नाही, त्याचा त्रासच झाला.

घरी आल्यावर प्रकरण पुन्हा लिहिलं. 'स्थलांतर' खोडून 'हकालपट्टी' केलं, आणि टीप काढून तिथे मोठा प्रश्न घातला. प्रकाशकांचा फोन आला. "मॅडम, पाच मार्कांच्या टिपेला अकरा पानं? मुलं पाठ कशी करणार?" मी म्हटलं, ती आता टीप नाही, पंधरा गुण आहेत. विद्यापीठाने दिलेत का, असं त्यांनी विचारलं. मी दिलेत, असं मी सांगितलं. त्यांनी सगळं छापलं, पण वर 'अधिक वाचनासाठी' असं घातलं. म्हणजे ते कोणी वाचणार नाही. नकाशा मात्र सईचाच आहे, पहिला, अमेरिकेचा. दुसरा माझ्या टेबलावर काचेखाली आहे.

दांड्या बसवल्या आहेत. संध्याकाळी दिवा लावला की फोन करते, त्यामुळे पुढे काय करायचं हा प्रश्न थोडा सुटला आहे, पूर्ण नाही. गेल्या आठवड्यात फोन सईने उचलला. शाळेचं, परीक्षेचं, मकचिकच्या गुडघ्याचं सांगून झालं. 

"आजी, तुझ्या ड्रॉवरमध्ये माझे सॉक्स ठेवू? दोनच पेअर्स. माझा फुल झालाय."

 एकतीस वर्षं शिकवलेला तो अख्खा पेपर मी मनात चाळून पाहिला, खरेदी, करार, कायदे, सगळं. असा फोन कोणी कोणाला केल्याचं मला त्यात कुठे आठवेना.

"आजी? नाही म्हटलंस तरी चालेल," सई म्हणाली.

"ठेव," मी म्हटलं.